चार अक्षरं कमी

"वाचा," फौजदार म्हणाले, "आणि मला सांगा, ही कविता आहे का."

त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला, पण समासावर टेकलेलं बोट काही उचललं नाही. बोटाखाली काय आहे ते दिसत नव्हतं. बाकीचं सगळं दिसत होतं. पहिली ओळ बघितली. ती मी आधी वाचली होती. बोटाखाली काय आहे, तेही मला माहीत होतं.

ही पंचाहत्तर सालच्या डिसेंबरातली गोष्ट. आणीबाणी लागून सहा महिने होत आले होते. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होते आणि लग्न झालेलं नसल्यामुळे थोरल्या भावाकडे राहत होते. दादा कोर्टात कारकून. जुलैत त्याच्या ओळखीच्या एका वकिलाला पहाटे घरातून उचलून नेलं, आणि तो कुठल्या तुरुंगात आहे हे त्याच्या बायकोला दिवाळीपर्यंत कळलं नव्हतं. तेव्हापासून दादा घरात एकच वाक्य बोलायचा, "आपलं नाव कुठं येता कामा नये."

त्या दिवशी शेवटचा तास संपता संपता प्राचार्यांनी मला बोलावलं. "पोलीस स्टेशनातून निरोप आलाय. कुठल्याशा कवितेचा अर्थ विचारायचाय त्यांना. मराठीचे सर रजेवर आहेत, तुम्ही जाऊन या," असं म्हणून ते खिडकीबाहेर बघू लागले. मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाले, "आणि मिरीकरबाई, विचारतील तेवढंच बोला." बरोबर कुणाला पाठवू का, असं त्यांनी विचारलं नाही.

कविता कुणाची असणार, हे मला रस्त्यातच कळून चुकलं होतं. गावाबाहेर कालव्याचं काम चाललं होतं. ओढ्यावरून कालव्याचं पाणी पलीकडे न्यायला कमानींचा एक जलसेतू बांधत होते. कंत्राटदाराच्या कोठारातून सुरुंगाच्या चाळीस कांड्या अकरा दिवसांपूर्वी नाहीशा झाल्या होत्या. आणि सोमवारी कालव्यावरच्या ओव्हरसिअरला, विश्राम गवाणकरला, पोलिसांनी धरलं होतं. हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही त्याबद्दल बोलत नव्हतं.

ठाण्यात गेल्यावर हवालदारानं आधी नोंदवहीत नाव, पत्ता आणि आल्याची वेळ लिहायला लावली. मी लिहिलं. ४ वाजून १० मिनिटं. मग आतल्या खोलीत नेलं.

फौजदारांचं नाव आनंदराव खबाले. पन्नाशी उलटलेली, आवाज बारीक, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. ते ओरडणारे असते तर मला एवढी भीती वाटली नसती. समोरच्या टेबलावर गुंडाळी केलेले नकाशे होते, आमच्या कॉलेजचा शिक्का असलेलं एक इंग्रजी पुस्तक होतं, आणि तो कागद.

"गवाणकरला ओळखता?"

"लायब्ररीत पाहिलंय."

हे मी का बोलले, ते मलाही कळलं नाही. तोंडातून निघून गेलं. खरी गोष्ट अशी होती की गवाणकर बाहेरून बी.ए.ला बसणार होते आणि गेले आठ महिने दर शनिवारी वाचनालयातल्या मोठ्या टेबलाशी, ग्रंथपालांच्या डोळ्यांसमोर, मी त्यांना इंग्रजी कविता शिकवत होते. ते मला 'बाई' म्हणायचे, मी त्यांना 'गवाणकर'. बत्तीस वर्षांचा, उन्हानं रापलेला, कमी बोलणारा माणूस. सप्टेंबरात एकदा वहीतला कागद पुढे करून म्हणाले होते, "बाई, त्या जुन्या कवींसारखं मराठीत जमतं का, ते बघितलं. तपासून द्या." मी पेन्सिल घेतली, ओळींची अक्षरं मोजली, समासात एक शेरा लिहिला आणि कागद परत दिला. "आणि अर्थ?" त्यांनी विचारलं होतं. "अर्थ ठीक आहे," मी म्हणाले होते, "आधी छंद सांभाळा."

तो शेरा आता फौजदारांच्या बोटाखाली होता.

"मोठ्यानं वाचा," खबाले म्हणाले.

मी वाचलं.

दरी तुझ्या माझ्या मध्ये,
उतरलो नाही खाली;
दोन कोन, एक रेषा,
त्यात ती मोजून झाली.

पाय ना पोचला तरी
नजर पोचते तिथे;
दूर म्हणून जे दिसे
आकड्यांत असे इथे.

पाणी मागते ना वाट,
उतार तेवढा मागे;
तुझा तीर उंच थोडा,
माझे पाणी राही मागे.

अर्धी कमान ऐलाची
उभी अधांतरी आहे;
पडणार की धरेल,
तुझ्याकडे

"हं," ते म्हणाले. "आता माझं ऐका. दरी आहे, दरीचं मोजमाप आहे. पाणी आहे, उतार आहे. उजवा तीर डाव्यापेक्षा उंच आहे, आणि तो खरंच आहे, मी इंजिनिअरला विचारलं. मग कमान आहे, ती अर्धी आहे, आणि ती पडणार का, असं विचारलंय. पुढं मजकूर तुटलाय. ज्या माणसाच्या खोलीत हे सापडलं, त्याच्या साइटवरनं सुरुंग गेलेत. तुम्ही माझ्या जागी असता तर काय समजला असता?"

मी शेवटच्या कडव्यावरून पुन्हा नजर फिरवली.

"तो म्हणतो, ही प्रेमाची कविता आहे. मी शाळा शिकलो ती व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत. पण प्रेमाच्या कविता मीही ऐकल्यात. त्यात चंद्र असतो, मोगरा असतो. उतार कुठं असतो? उद्या सकाळी मला कागद जिल्ह्याला पाठवायचेत. ते गेले की माझ्या हातात काही राहत नाही. तो माणूस मिसाखाली आत जाईल आणि कधी बाहेर येईल ते मलाही सांगता येणार नाही. म्हणून तुम्हाला बोलावलं."

 शिकवायची सवय अशी, की प्रश्न आला की तोंड आपोआप चालू लागतं. मी म्हणाले, "इंग्रजीत तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी काही कवी होते. त्यांना चंद्राचा कंटाळा आला होता. प्रेमाबद्दल लिहायचं तर ते नकाशा घ्यायचे, एखादं यंत्र घ्यायचे, हिशेबातलं काही घ्यायचे. प्रेमाशी ज्याचा काही संबंध नाही अशी वस्तू. आणि मग तिचा आणि प्रेमाचा संबंध कसा आहे, ते पटवून द्यायचे."

"पटवून? म्हणजे वकिलासारखं?"

"हो. अशी कविता गात नाही, वाद घालते. हे असं आहे, ते तसं आहे, म्हणून तू ऐक."

"प्रेमात पुरावा," खबाले म्हणाले. ते हसले नाहीत. "बरं. मग हा कशाचा पुरावा देतोय? पहिल्यापासून सांगा."

मी सांगू लागले. दरी ओलांडायची नसेल तर आपल्याच काठावर एक रेषा मोजायची, तिच्या दोन टोकांवरून पलीकडच्या खुणेचे कोन घ्यायचे, की मधलं अंतर कळतं. हे मला गवाणकरांनीच एकदा सांगितलं होतं. ते अर्थातच मी बोलले नाही. "म्हणजे तो म्हणतोय की मी तिच्याजवळ गेलो नाही. जायचं धाडसही केलं नाही. पण बसल्या जागेवरून मला तिचं अंतर नीट कळलं आहे."

"आणि दुसऱ्यात?"

"दुसऱ्यात म्हणतो, कळलं म्हणजे ती जवळच आली. दिसायला दूर, पण त्याच्या आकड्यांत, त्याच्या मनात, इथेच."

"तिसरं वाचा परत."

मी वाचलं. त्यांनी हात वर करून थांबवलं. "'मागे' दोनदा आलंय. शब्द संपले होते काय त्याचे?"

वर्गात मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि सप्टेंबरात मी स्वतःलाही विचारला नव्हता. तेव्हा मी फक्त यमक जुळतंय एवढं पाहिलं होतं. "शब्द एकच, अर्थ दोन," मी सावकाश म्हणाले. "पहिला 'मागे' म्हणजे मागतं. पाणी फक्त उतार मागतं. दुसरा म्हणजे मागे राहतं. त्याला मागायचं आहे, पण तो मागे राहतो. कारण..."

"कारण?"

"कारण तिचा तीर उंच आहे. पाणी वर चढत नाही." आणि मी बोलत गेले, थांबता आलं नाही. "ती त्याच्याहून वरची आहे. शिकलेली असेल. हुद्द्यानं मोठी असेल. कदाचित जातीनंही. त्याला तिला अहोजाहो करावं लागत असेल. तिच्यासमोर तो विद्यार्थ्यासारखा..."



मी त्या कागदाकडे बघत राहिले. आठ महिने दर शनिवारी तो माणूस टेबलाच्या पलीकडे बसला होता. मी त्याच्या कवितेची अक्षरं मोजली होती आणि अर्थ ठीक आहे असं सांगून कागद परत केला होता. आता पोलिसाला समजावताना तो अर्थ मला पहिल्यांदा कळत होता. आनंद वगैरे काही झाला नाही. 

खबाले माझ्याकडे बघत होते. मग ते जणू दुसराच विषय काढावा तसे म्हणाले, "आमचे वडील भजनात पखवाज वाजवायचे. मी लहानपणी मांडीवर ठेका धरून बसायचो. मला अर्थ कळत नाही, पण सम कळते. ह्यात प्रत्येक ओळ आठ अक्षरांची आहे. मी बोटांवर मोजलीत. शेवटची चारच. हात तिथं अधांतरी राहतो." त्यांनी समासावरचं बोट उचललं. "आणि हे दुसऱ्या कुणाच्या तरी लक्षात आलंय."

पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: '४ अक्षरे कमी.'

"हे गवाणकरचं अक्षर नाही," ते म्हणाले. बाजूची नोंदवही त्यांनी उघडून कागदाशेजारी ठेवली. मी चारचा आकडा काढते तेव्हा त्याची शेपटी खालपर्यंत ओढते, शाळेपासूनची सवय. वहीत ४ वाजून १० मिनिटं. समासात ४ अक्षरे. दोन्ही शेपट्या सारख्या होत्या.

"शनिवारचे तास मला माहीत आहेत, बाई. ग्रंथपालांना कालच विचारलं. मराठीचे सर रजेवर नसते, तरी मी तुम्हालाच बोलावणार होतो. तुम्ही स्वतःहून सांगता का, ते बघत होतो."

मला दादाचा चेहरा दिसला. वहिनी दाराआड उभी दिसली. त्या वकिलाच्या बायकोनं पोस्टमनची वाट बघत घालवलेले महिने डोळ्यांसमोर आले. मी खुर्चीची कड घट्ट धरून ठेवली होती. 

"मी घाबरले होते," मी म्हणाले.

"ते दिसतंय. आता मला खरं सांगा. हा कागद मी दोन प्रकारे वाचू शकतो. अर्धी ओळ एकाकडे, अर्धी दुसऱ्याकडे. चोरून काम करणाऱ्या माणसांची खूण अशीच असते. पहिला अर्धी म्हणतो, दुसरा पुरी करतो, की ओळख पटली. तुम्ही मघापासून जे सांगितलंत, तेही मला पटलंय. पण दोन्हींत ओळ अर्धीच राहते. ही अर्धी का, ते सांगा."

"कमान अर्धी आहे म्हणून," मी म्हणाले. "एका काठावरून अर्धीच बांधता येते. उरलेली पलीकडून यायला हवी. म्हणून त्यानं ओळही अर्धीच बांधली. चूक नाही ती. मी चूक समजले होते. त्यानं जागा सोडली आहे."

"कुणासाठी?"

 'अशा कवितेत बाई कल्पनेतली असते' हे वाक्य माझ्या तोंडाशी आलेलं मला अजून आठवतं. ते बोलले असते तर मी सुटले असते, आणि कविता पुन्हा खूण झाली असती, कारण जिच्यासाठी लिहिली ती बाईच राहिली नसती.

"माझ्यासाठी," मी म्हणाले. "मला आत्ता कळलं."

 खबाल्यांनी खणातून कोरा कागद काढून माझ्यापुढे ठेवला, त्यावर टाक ठेवला.

"पुढची चार अक्षरं लिहा. मग मी आत जाऊन त्यालाही विचारतो. आधी नीट ऐका. तुमची आणि त्याची अक्षरं जुळली, तर मी समजेन हे आधीच ठरलेलं आहे. खूण आहे. मग तुम्हालाही इथून जाता येणार नाही. नाही जुळली, तर समजेन की एकानं विचारलंय आणि दुसऱ्यानं अजून सांगितलेलं नाही. मग ती कविता."

ते उठून खिडकीपाशी गेले आणि पाठ करून उभे राहिले.

मला ती अक्षरं शोधावी लागली नाहीत. दुसरी ओळ 'आहे'वर संपते, म्हणजे चौथी 'आहे'वर संपणार. उरली दोन. तुझ्याकडे येत आहे. त्याच्या तोंडी 'तुझ्याकडे' म्हणजे निर्णय तुझ्या हातात. तोच शब्द मी उचलला की मी त्याच्याकडे निघालेली. एका शब्दावर दोन काठांचं वजन. ओळ ह्यासाठीच बांधलेली होती. जे मला अर्ध्या मिनिटात दिसलं ते बांधणाऱ्याला ठाऊक नसणार, हे शक्य नव्हतं. आत कोठडीत विचारलं की तो हेच सांगणार. आणि मी हेच लिहिलं की आम्ही दोघंही जाणार.

म्हणजे मला असं काही लिहायला हवं होतं, जे तो कधीही म्हणणार नाही.

टाक दौतीत बुडवला. मी लिहिलं: 'वाट नाही.'

तुझ्याकडे वाट नाही. चार अक्षरं. छंदात बसत होती. कागदाची घडी घालून मी टेबलावर ठेवली. खबाल्यांनी ती न उघडताच काचेच्या वजनाखाली सरकवली आणि ते मागच्या दारानं गेले.

मी वीस मिनिटं तिथे बसले. हवालदार कोपऱ्यात जाड सुईनं कागद शिवत होता. मागून एकदा लोखंडी दार वाजलं. नंतर काहीच नाही. कुणी ओरडलं असतं तरी मला बरं वाटलं असतं. मला वाटत होतं की मी चुकले. त्यालाही हीच भीती सुचली तर? तोही माझ्यासारखाच विचार करून 'वाट नाही' म्हणाला तर? जसजसा विचार करत गेले तसतसं मला वाटू लागलं की तो तेच म्हणणार. मी वजनाखालच्या कागदाकडे बघत होते. हात लांब केला असता तर पोचला असता. हवालदार सुई ओढता ओढता माझ्याकडे बघत होता.

खबाले परत आले. बसले. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणतो, मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "दोनदा विचारलं. म्हणतो, ती जागा माझी नाही."

मग त्यांनी वजनाखालची घडी उघडली आणि ओठ हलवत, बोटं मिटत वाचलं. "बसतंय," ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलं, आणि त्या बघण्यात पहिल्यांदा पोलीस नव्हता. "कागद मी चार दिवस थांबवतो. कांड्या कुठं गेल्या ते तेवढ्यात कळलं तर ठीक. जा तुम्ही. उजेड आहे तोवर घरी पोचा."

चौथ्या दिवशी कांड्या सापडल्या. कंत्राटदाराचा मुकादमच त्या नदीत मासे मारणाऱ्यांना विकत होता. गवाणकरांना सोडलं. हे मला दादानं सांगितलं, जेवताना, ताटाकडे बघत. मी ठाण्यात काय बोलले ते हवालदारामार्फत गावभर झालं होतं. दादा माझ्यावर ओरडला नाही. तो फक्त म्हणाला, "शेवटी नाव आलंच," आणि हात धुवायला उठला.

शनिवारी मी वाचनालयात जाऊन बसले. गवाणकर आले नाहीत. सोमवारी कळलं की खात्यानं त्यांची बदली कोकणात केली आहे आणि बुधवारी ते जाणार. त्यांच्या खोलीवर जायचं मला धाडस झालं नाही. माझा कागद फौजदारांच्या खणात पडून राहिला असेल, अशी मी स्वतःची समजूत घालत होते.

मंगळवारी दुपारी ते कॉलेजात आले. स्टाफरूमच्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले. आत आम्ही पाच जण होतो आणि आठवडाभर माझ्याशी त्यांतलं कुणी बोललं नव्हतं. ते खूप वाळले होते. हातात लायब्ररीचं पुस्तक होतं.

"बाई, हे परत करायला आलो. माझ्याकडून उशीर झाला."

मी पुस्तक घेतलं. "फौजदारांनी तुमचं सामान दिलं सगळं?"

"दिलं. यादीप्रमाणे. नकाशे, पुस्तक." ते जरा थांबले. "आणि कागद दोन."

दोन.  इतिहासाचे सर वर्तमानपत्र चेहऱ्यापुढे धरून बसले होते, पण पान उलटत नव्हते.

"नीट आहे सगळं," गवाणकर म्हणाले. "मला कळलं. येतो मी." आणि ते वळले.

ठाण्यात मी जितकी घाबरले होते त्याहून जास्त त्या क्षणी घाबरले. तिथे मला विचारलं तरी जात होतं. इथे कुणी काही विचारत नव्हतं. गप्प बसले असते तर सगळं आपोआप मिटलं असतं.

"गवाणकर," मी म्हणाले, "तो पोलिसांना दिलेला जबाब होता. तुम्हाला उत्तर मी अजून दिलेलं नाही."

ते वळून उभे राहिले.

"ओळ म्हणा," मी म्हणाले.

त्यांनी आत बसलेल्या चौघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना मला कधी एकेरी हाक मारता आली नव्हती. ओठ दोनदा हलले, आवाज फुटला नाही. मग अगदी हळू म्हणाले, "तुझ्याकडे..."

मी उरलेली चार अक्षरं म्हटली. वर्तमानपत्राचं पान तेव्हा खाली आलं.

मार्चअखेर मला राजीनामा द्यावा लागला. मे महिन्यात आम्ही नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. दादा आला नाही, वहिनी आली. पुढची सगळी वर्षं कोकणात गेली. तिथल्या शाळेत मी इंग्रजी शिकवलं. आमच्यात त्या दिवसांचा विषय क्वचित निघे.

लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर एकदा त्यांना विषमज्वर झाला. ताप उतरल्यावर अशक्तपणात ते आढ्याकडे बघत पडून असायचे आणि नेहमीपेक्षा जास्त बोलायचे. असेच एका दुपारी म्हणाले, "खबाल्यांनी मला आत येऊन काय सांगितलं होतं, ते तुला कधी बोललो नाही."

"सांगितलंत की. चार अक्षरं विचारली."

"त्याच्याआधी. म्हणाले, बाईंनी उत्तर लिहून दिलंय. तू तेच सांगितलंस तर ती प्रेमाची कविता, आणि तुला आत्ता सोडतो. नाही जुळलं तर उद्या जिल्ह्याला."

मी पेज ढवळत होते. हात थांबला. मला नेमकं उलटं सांगितलं होतं.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं. "तुम्हाला ठाऊक होती ती अक्षरं."

"ठाऊक म्हणजे, आशा होती." त्यांनी डोळे मिटले. "जिभेवर आली होती गं. चार रात्री मला झोप नव्हती, आणि घरी जायचं होतं. पण मी ती बोललो असतो तर ती माझी झाली असती. तुझ्यासाठी सोडलेली जागा मीच भरून टाकली असती."

ते बोलून झोपी गेले. मी पेजेचं भांडं खाली ठेवलं आणि खाटेशेजारी जमिनीवर बसले. मी त्या दिवशी खरं लिहिलं असतं आणि ते सुटकेच्या आशेनं बोलले असते, तर अक्षरं जुळली असती. खबाल्यांनी दोन्ही कागद जिल्ह्याला पाठवले असते. मी खोटं लिहिलं म्हणून आम्ही वाचलो, असं नऊ वर्षं धरून चालले होते, आणि तेवढं पुरेसं नव्हतं. ते 'येत आहे' म्हणाले असते, तर जुळलेलं यमक ऐकून खबाल्यांना माझं खोटं तिथेच कळलं असतं.

बाहेर ऊन होतं. माझे हात गार पडले होते. मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि ताप परत चढला नाही ना, ते पुन्हा पुन्हा बघत राहिले.